तकाकी उतरवताना

केमच्या कुंकवाचा ढीग भर दुपारच्या उन्हात ठेवला, तरी तो डोळ्यांवर चमकत नाही. करमाळा तालुक्यातलं हे गाव पुणे-सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधे आहे. गाव उत्तरेश्वराचं आणि कुंकवाच्या कारखान्यांचं. इथलं कुंकू राज्यभर जातं. रंग एवढा गडद असूनही त्याला झळाळी नसते. त्याच ढिगावर गोडेतेलाचा एक थेंब पडू द्या. तेवढीच जागा चटकन काळपट लाल होते आणि तिच्यावर सूर्याचा ठिपका लकाकतो. कुंकू तेच आणि रंगही तोच, बदलला तो फक्त वरचा पृष्ठभाग. कोरड्या भुकटीचे कण प्रकाश दाही दिशांना उधळतात. तेल त्या कणांमधल्या फटी भरून काढतं, वर सपाट थर तयार होतो आणि प्रकाश एकाच दिशेने परत फिरतो. मोटारीच्या चकचकीत कार्बन फायबरला मॅट कसं करायचं, हा या प्रकरणाचा विषय त्या थेंबात पुरता मावतो. फरक इतकाच, की इथे प्रवास उलटा आहे. सपाट झालेला थर पुन्हा खडबडीत करायचा आहे, आणि तो करताना खालच्या मालाला धक्का लागू द्यायचा नाही.

मॅटची हौस आता महाराष्ट्रातल्या कारखान्यांतूनच बाहेर पडते आहे. चाकणला तयार होणाऱ्या स्कोडा कुशाकची मॅट आवृत्ती २०२३ मध्ये आली, ५०० गाड्यांपुरती. त्या रंगाचं नाव होतं ‘कार्बन स्टील’. फोक्सवॅगनच्या टायगुनलाही त्याच वर्षी तसला रंग मिळाला. २०२५ मध्ये टाटांनी हॅरियर आणि सफारी ‘स्टेल्थ’ या नावाने काळ्या मॅट रंगात आणल्या. महिंद्रांनी बीई ६ ची बॅटमॅन आवृत्ती सॅटिन काळ्या रंगात काढली. या सगळ्या गाड्या लोखंडी पत्र्याच्या आहेत, आणि ‘कार्बन स्टील’ या रंगाच्या नावात कार्बन असला तरी गाडीवर कार्बन फायबरचा धागाही नाही. पण अशा गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या, की ज्याच्या गाडीला किंवा मोटरसायकलला कार्बनचे आरसे, स्पॉयलर, बॉनेट किंवा स्टिअरिंगच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्याला त्यांची चकाकी खटकू लागते. मग तो डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जातो आणि म्हणतो, ‘पेपर मारून डल करून दे.’ या एका वाक्याने बरेच चांगले भाग वाया गेले आहेत.

आधी भाग खरा आहे का ते पाहायला हवं. बाजारात कार्बन म्हणून विकला जाणारा पुष्कळसा माल प्लास्टिकचा असतो. त्याच्यावर एकतर विणीचं चित्र छापलेली व्हिनाइल फिल्म असते, नाहीतर पाण्यावर तरंगणाऱ्या छापील पापुद्र्यात बुडवून काढलेली नक्षी असते. खरा तुकडा उन्हात धरून हळूहळू फिरवला, की विणीतल्या उभ्या पट्ट्या उजळतात तेव्हा आडव्या काळवंडतात, आणि आणखी थोडं फिरवलं की उलट होतं. हा खेळ धाग्यांच्या दिशेमुळे होतो. साध्या छापील नक्षीला तो तसा जमत नाही. भागाची मागची बाजूही पाहावी. खऱ्या भागाच्या पाठीवर वीण किंवा राळेचा खडबडीत थर दिसतो. नुसतं प्लास्टिक दिसलं, तर एकतर नक्षी छापील असेल, नाहीतर प्लास्टिकवर खऱ्या कार्बनची एक पातळ साल चिकटवलेली असेल. कापलेली उघडी कड असेल तर मल्टिमीटरची दोन्ही टोकं तिला लावून बघता येतात, कारण कार्बनमधून वीज वाहते. छापील मालावर पेपर मारला तर चित्रच पुसलं जातं. त्यामुळे ही तपासणी टाळू नये.

खरा कार्बन फायबर हा तसा तरुण पदार्थ. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन यांना १९५८ मध्ये अतिशय बळकट कार्बनचे तंतू मिळाले. पुढच्या काही वर्षांत जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी आणि इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्राने पॉलिअॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून कार्बनचे तंतू काढण्याची वाट पक्की केली. मोटारीच्या जगात त्याचा खरा प्रवेश १९८१ मध्ये झाला. जॉन बर्नार्ड यांनी आखलेली मॅकलारेनची एमपी४/१ ही सांगाडाच कार्बनचा असलेली पहिली फॉर्म्युला वन गाडी. त्याच वर्षी मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसन यांची ही गाडी कठड्यावर आदळली आणि इंजिन तुटून बाजूला गेलं. वॉटसन स्वतःच्या पायांनी गाडीतून बाहेर आले. या सांगाड्याबद्दल ज्यांना शंका होत्या, त्यांना त्या दिवशी उत्तर मिळालं. आज महिंद्रांच्या मालकीची ऑटोमोबिली पिनिनफारिना कंपनी बत्तिस्ता ही विजेवरची गाडी कार्बनच्याच सांगाड्यावर बांधते. आपल्या शेजारी गोव्यात पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत किनेको ही कंपनी रेल्वे आणि विमान-अवकाश क्षेत्रासाठी कॉम्पोझिटचे भाग बनवते. मुंबईच्या वझिरानी ऑटोमोटिव्हने २०१८ मध्ये इंग्लंडच्या गुडवुड महोत्सवात आपली शूल ही गाडी मांडली होती. म्हणजे हा माल आपल्याकडे अनोळखी नाही. त्याच्या निगेची माहिती मात्र गावोगावच्या दुकानांपर्यंत अजून पोचलेली नाही.

आता मुख्य प्रश्न. चकाकी नेमकी कुठे असते?

कार्बनचा एक तंतू साधारण ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. असे ३,००० तंतू एकत्र येऊन एक पट्टी होते आणि त्या पट्ट्या विणून कापड तयार होतं. मोटारीच्या भागांवर बहुधा ट्विल वीण असते, जीन्सच्या कापडावर दिसते तशी तिरकी. हे कापड नुसतं हातात घेतलं तर मऊ असतं, गुंडाळता येतं. त्याला आकार आणि ताठपणा देते ती इपॉक्सी राळ. आधीच राळ मुरवलेलं कापड साच्यात बसवून, उष्णता आणि दाबाच्या भट्टीत शिजवून काढलं, तर त्याला बाजारात ‘ड्राय कार्बन’ म्हणतात. हाताने राळ लावून केलेल्या कामाला ‘वेट कार्बन’. ‘ड्राय’ हा शब्द ऐकून पुष्कळांना वाटतं, की मॅट कार्बन म्हणजे राळेशिवायचा उघडा कार्बन. तसा भाग गाडीवर कुठेच नसतो. ड्राय कार्बनमध्येही राळ असतेच, फक्त मोजून दिलेली आणि कमी.

साचा गुळगुळीत असेल तर भाग चकचकीत निघतो आणि साचा खरखरीत असेल तर भागही तसाच निघतो. साच्याबाहेर आल्यावर चांगला कारखानदार त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक क्लिअर कोट मारतो. त्याची जाडी सर्वसाधारणपणे ४० ते ६० मायक्रॉन असते. आपल्याला दिसणारी चकाकी याच थराच्या अगदी वरच्या भागात असते. तिचा धाग्यांशी संबंध नाही आणि त्या भागाच्या ताकदीशीही नाही.

काचेसारख्या गुळगुळीत थरावर प्रकाश सरळ पडला, तर त्यातला सुमारे ४ टक्केच वरच्या वर परत फिरतो. बाकीचा आत शिरतो आणि बराचसा काळ्या धाग्यांत जिरतो. ४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते सगळे एकाच दिशेने येतात, म्हणून आरशासारखं प्रतिबिंब दिसतं. त्या दिशेत डोळा नसेल तर भाग खोल काळा दिसतो. आता त्याच पृष्ठभागावर प्रकाशाच्या तरंगलांबीहून मोठे चढउतार आणा. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मायक्रॉनच्या ०.४ ते ०.७ एवढीच असल्यामुळे एखाद-दोन मायक्रॉनचे उंचवटेही पुरतात. परत फिरणारा प्रकाश साधारण तितकाच राहतो, फक्त तो सगळीकडे पांगतो. प्रतिबिंब फुटतं. पण पांगलेल्या त्या प्रकाशाचा थोडा वाटा आता कुठूनही बघितलं तरी डोळ्यात शिरतो, आणि काळा रंग राखाडीकडे झुकतो. म्हणून मॅट केलेला कार्बन आधीपेक्षा फिकट दिसतो आणि विणीची खोली कमी होते. मालकाला हे आधी सांगायलाच हवं. ज्याला वीण उठून दिसायला हवी आहे, त्याने पूर्ण मॅटऐवजी सॅटिनवर थांबणं शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही तकाकी मोजताही येते. ग्लॉसमीटर ठरावीक कोनातून प्रकाश टाकून किती परत आला ते मोजतो. गुळगुळीत काळ्या काचेला १०० धरून बाकीच्यांना गुण दिले जातात. ६० अंशाच्या कोनात ७० च्या वर गेलं तर चकचकीत, १० च्या खाली गेलं तर मॅट, मधलं सगळं सॅटिन. मॅटच्या बाबतीत मापन ८५ अंशाच्या कोनात करतात, कारण प्रकाश फार तिरका आला की खडबडीत पृष्ठभागही गुळगुळीतासारखा वागू लागतो. दुपारी पूर्ण मॅट दिसणारं बॉनेट मावळतीच्या उन्हात थोडं चमकतं, ते यामुळे. रंगाऱ्याने फसवलं असा त्याचा अर्थ नाही.

मॅटचा उपयोग केवळ दिखाऊ नाही. जुन्या रॅली गाड्यांची बॉनेट काळ्या मॅट रंगाची करत, कारण चमकत्या पत्र्यावरून उसळलेलं ऊन चालकाच्या डोळ्यांत जाई. डॅशबोर्डच्या बाबतीत तर मी मॅटच्या बाजूने ठामपणे उभा आहे. चकचकीत कार्बनची पट्टी डॅशबोर्डच्या वरच्या अंगाला असेल, तर तिचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं, आणि सोलापूर रस्त्यावर उन्हाच्या तोंडाला गाडी चालवताना त्या प्रतिबिंबामागे माणूस किंवा जनावर लपू शकतं. शर्यतीच्या जगात कारण वजनाचं आहे. फेरारीने २०१९ च्या फॉर्म्युला वन गाडीला मॅट रंग दिला, तेव्हा वजन वाचतं हेच कारण संघाने सांगितलं होतं. पुढे तर अनेक संघांनी गाडीचे मोठे भाग रंगाविना काळेच ठेवले.

मग नुसता पेपर मारला तर काय बिघडतं? पेपरने चकाकी जाते, हे खरं. वॉटर पेपर १००० नंबरचा घेतला तर त्याचे कण सरासरी १८ मायक्रॉनचे असतात, २००० नंबरचे १० च्या आसपास. ते क्लिअर कोटवर ओरखडे काढतात. पण हे ओरखडे हाताच्या दिशेने जातात, त्यामुळे उन्हात भागावर रेघा आणि भोवरे दिसतात. शिवाय हाताचं तेल, पॉलिश, धुळीचा चिकटा त्या ओरखड्यांत भरला, की बोटांच्या जागी चमकते डाग उठतात. पाणी पडलं की सगळा भाग पुन्हा चकचकीत दिसतो आणि वाळला की पांढुरका. याहून मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ४०-६० मायक्रॉनच्या थरातला एक हिस्सा कायमचा गेलेला असतो, आणि तो थर तिथे शोभेसाठी नव्हताच.

इपॉक्सी राळेला ऊन सोसत नाही. तिच्या रेणूंमधल्या वलयाकार रचना अतिनील किरण शोषून घेतात आणि तुटत जातात. राळ आधी पिवळी पडते, मग पांढरी होते, शेवटी तिची भुकटी सुटू लागते आणि धागे उघडे पडतात. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण अडवणारी द्रव्यं घातलेली असतात, आणि थर पातळ झाला की तेवढं संरक्षण कमी होतं. केम १८ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. पाऊस कमी, आकाश वर्षातले बरेच महिने निरभ्र, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. काळा भाग अशा उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. हाताने केलेल्या स्वस्त वेट कार्बनची राळ खोलीच्या तापमानाला आळलेली असते, आणि पुरेशी भाजलेली नसेल तर ६०-७० अंशांना ती मऊ पडू लागते. मग विणीचा ठसा वर उठतो आणि हात फिरवला तर कापडासारखा लागतो. पुण्याच्या बंद पार्किंगमध्ये चालून गेलेली हयगय इथल्या अंगणात चालत नाही.

योग्य मार्ग म्हणजे चकचकीत थर फक्त पकडीपुरता खरवडायचा आणि त्याच्यावर मॅट क्लिअरचा नवा थर द्यायचा. खडबडीतपणा जखमेतून न आणता लेपातून आणायचा. मॅट क्लिअरमध्ये सिलिकाचे काही मायक्रॉनचे कण मिसळलेले असतात. ओला थर सपाट असतो, म्हणून मारताक्षणी तोही चमकतो. थिनर उडून थर आटू लागला, की आतले कण वरचा पापुद्रा किंचित उचलून धरतात आणि सूक्ष्म उंचवटे तयार होतात. रेघ नाही आणि दिशाही नाही. अतिनील किरणांपासूनचं संरक्षणही कमी होण्याऐवजी वाढतं.

काम सुरू होतं धुण्यापासून. डॅशबोर्ड आणि टायरवर मारायच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. त्याचा अंश जरी राहिला तरी नवा थर जागोजागी फाटतो आणि गोल खड्डे पडतात. साबणाने धुऊन, मेण आणि तेल काढणाऱ्या द्रावणाने दोनदा पुसावं, दर वेळी स्वच्छ कापडाने. मग पाणी ओतून पाहावं. पाणी सलग पसरलं तर भाग तयार. थेंब गोळा होऊन पळाले तर अजून तेलकटपणा आहे.

नंतर पाणी आणि साबणाचा थेंब घेऊन ८०० ते १००० चा वॉटर पेपर, मऊ रबराच्या ठोकळ्यावर. वळणांवर आणि खाचांत राखाडी स्कॉच-ब्राइट. या टप्प्यावर नजर हवी ती पेपराखालून निघणाऱ्या पाण्यावर. पाणी पांढरट गढूळ निघतं तोवर आपण क्लिअर कोटवरच आहोत. हात हलका ठेवावा, दर थोड्या वेळाने पाणी ओतून पुसून बघावं. पाण्यात राखाडी छटा आली की तत्क्षणी थांबावं, आणि काळी रेघ उतरली तर पेपर धाग्यापर्यंत पोचला आहे असं समजावं. धागा कापला गेला की तो परत जोडता येत नाही आणि त्या जागी वीण विस्कटलेली दिसते ती कायमची. सगळ्यात आधी हे होतं कडांवर, कारण फवारलेला थर कडेवरून ओघळून पातळ झालेला असतो. म्हणून जाणता रंगारी कडांवर आधी मास्किंग टेप लावतो, सपाट भाग उरकतो आणि टेप काढून कडा नुसत्या स्कॉच-ब्राइटने दोन-चार हातांत आवरतो. भाग वाळल्यावर सगळीकडे सारखा निस्तेज दिसायला हवा. एखादा चमकता ठिपका उरला तर तिथे नवा थर धरणार नाही. जिथे राळेत सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतील किंवा काळी रेघ उतरली असेल, तिथे आधी साधा चकचकीत क्लिअर मारून, तो पूर्ण आळू देऊन, पुन्हा हलका पेपर मारावा आणि मगच मॅटला हात घालावा. मॅट थर खालचे दोष झाकत नाही.

मॅट क्लिअरचा डबा उघडल्यावर सिलिका तळाशी बसलेली असते. ती तळापासून ढवळली नाही, तर आरशाचं एक कव्हर सॅटिन आणि दुसरं मॅट होईल. हार्डनर आणि थिनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, मापाच्या भांड्याने. मिश्रण गाळून गनमध्ये. आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर मारून वाळवून बघावं, कारण तकाकीचा अंदाज ओल्या थरावरून येत नाही. पहिला हात मध्यम. तो पूर्ण निस्तेज होईपर्यंत थांबावं. इथे घाई केली की आतलं थिनर अडकतं आणि पट्टे उठतात. दुसरा हात पहिल्याला आडवा, गनचं अंतर आणि वेग सारखा ठेवून. जिथे थर जाड बसेल तिथे चमक जास्त उरेल. मार्च ते मे या काळात थिनर हवेतच उडून जातं आणि थर कोरडा, खरखरीत बसतो. त्यासाठी सावकाश उडणारं थिनर घ्यावं आणि काम सकाळी लवकर, जमीन पाण्याने भिजवून करावं. साध्या क्लिअरवर धुळीचा कण बसला तर नंतर घासून पॉलिश करता येतो, मॅटवर ती सोय नाही. पॉलिश केलं तर ती जागा चमकते आणि पूर्ण भाग नव्याने मारावा लागतो. या कामाची मजुरी जास्त असते ती याच कारणाने, आणि ती वाजवी आहे.

गाडी वॉरंटीत असेल किंवा भाग महाग असेल, तर मी मॅट फिल्म सुचवेन. पेंट प्रोटेक्शन फिल्म ही १५० ते २०० मायक्रॉन जाडीच्या लवचिक प्लास्टिकची असते. तिच्या वरच्या बाजूला मॅट पोत असतो, दगडांचे टवके ती झेलते, आणि नको झाली की गरम हवेने सैल करून सोलता येते. मूळ चकचकीत भाग खाली जसाच्या तसा राहतो. साध्या स्प्रे-कॅनमधला बिनहार्डनरचा मॅट मात्र मोटरसायकलच्या टाकीजवळ मारू नये. पेट्रोलचा ओघळ आला की तो विरघळतो. कार्बनच्या चाकांना आणि हेल्मेटला पेपर किंवा थिनर लावूच नये. तिथे प्रश्न दिसण्याचा नसून जिवाचा आहे.

मॅट झालेल्या भागाची निगा वेगळी. मेणाचं पॉलिश नाही, रबिंग कंपाउंड नाही, धुण्याच्या केंद्रातले फिरते ब्रश नाहीत. सौम्य शाम्पू, भरपूर पाणी, मऊ कापड. बोअरचं पाणी जड असेल तर उन्हात ते भागावर वाळू देऊ नये. क्षारांचे पांढरे ठिपके चकचकीत क्लिअरवरून घासून काढता येतात, मॅटवरून काढताना चमक उठते. पक्ष्यांची विष्ठा दिसताक्षणी भिजवून काढावी. आणि दसऱ्याला वाहनपूजा होते तेव्हा हळद-कुंकवाची बोटं मॅट बॉनेटवर ओढू नयेत. भुकटी सूक्ष्म खाचांत अडकते, आजच्या बऱ्याच कुंकवात घातलेला रंग ओलाव्याने सुटतो आणि डाग राहतो. बोटं काचेवर किंवा नंबरप्लेटच्या वर ओढावीत. कुंकू पडलंच तर आधी कोरड्या मऊ ब्रशने झटकावं आणि मगच पाणी. तेल लावून पुसायला जाऊ नये.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कार्बनची भुकटी कातडीत घुसून खाज आणते, नाकातोंडात जाते आणि विजेच्या जोडण्यांत शिरली तर शॉर्ट करते, म्हणून कोरडं घासू नये. त्याहून घातक आहे तो क्लिअरचा हार्डनर. त्यात आयसोसायनेट असतात. ते फवाऱ्याबरोबर श्वासात गेले तर दम्याचा विकार जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्यांचं वावडं झालं की पुढे अगदी थोड्या अंशानेही झटका येतो. मग त्या माणसाला रंगकाम सोडावं लागतं. वासावरून धोका कळत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल याला अडवत नाही, कापडी मास्कही अडवत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क, हातमोजे आणि हवा ओढून घेणारा बूथ एवढं लागतं. आपल्या तालुक्याच्या गावांत हे काम विशी-पंचविशीची मुलं उघड्या शेडमध्ये, रुमाल बांधून करताना दिसतात. गाडी टाकण्याआधी त्या दुकानात हवेचा मास्क आहे का आणि तो वापरतात का, हे मालकाला विचारा. नसेल तर काम तिथे देऊ नका, फिल्म लावून घ्या.